टेकडीवरचे कीटक : वसंतातल्या प्रकल्प नोंदी

१५ फेब्रुवारी

वाट ठरली. खालच्या ओढ्यापासून सुरुवात, तिथून पळस-सावरीचा उतार, मग रुई आणि बाभळींचा पडीक पट्टा आणि शेवटी वरचा माळ. पावसाळ्यात इथे कोणीही येऊन यादी भरून जातं. फाल्गुन-चैत्रात गवत वाळलेलं, झाडं निष्पर्ण, तेव्हा काय असतं याची सलग नोंद मात्र कुणाकडेच नाही, म्हणून हा खटाटोप.

फुलपाखरांसाठी पोलार्ड पद्धत वापरायची. चालता चालता दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्या काल्पनिक चौकटीत जे येईल तेच मोजायचं. चौकटीबाहेरचं कितीही देखणं असलं तरी मोजणीत धरायचं नाही. अर्नेस्ट पोलार्ड यांनी १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये ही पद्धत बसवली आणि १९७६पासून तिथली फुलपाखरांची गणना तिच्यावरच चालते. बाकीच्या कीटकांना ती तितकीशी उपयोगी नाही, कारण ते झाड सोडत नाहीत. त्यांच्यासाठी ठरावीक झाडं निवडून खोडाला खडूने खूण केली आहे.

वहीत एक रकाना मुद्दाम वाढवला : ‘पातळी’. गण, कुल, प्रजाती (जीनस) की जाती (स्पीशीज), यांपैकी जिथपर्यंत पुरावा जातो तिथे थांबायचं. यावर बराच वाद झाला. काकांचं म्हणणं, नाव नसेल तर नोंदीला अर्थ काय? शाळेतल्या बाई म्हणाल्या, “कुलापर्यंतची खरी नोंद उद्या कुणीतरी पुढे नेईल. जातीपर्यंतची चुकीची नोंद मात्र खोडायलाच दहा वर्षं जातात.” रकाना राहिला.

पकडून आणायचं नाही, टाचणीला टोचायचं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या अनुसूचींमध्ये काही फुलपाखरंही आहेत, आणि समोरचं त्यातलं आहे की नाही हे पकडण्याआधी कळत नाही.

२२ फेब्रुवारी

आजचा बहुतेक वेळ एका रुईच्या झुडपापाशीच गेला. बाकीची वाट उरकली म्हणायची.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा, म्हणजे रस पिणारे बारीक किडे. पाय, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आणि पाठीमागच्या दोन नळ्या काळ्या, म्हणजे एफिस नेरिआय. रुई-कण्हेरीवरचा हा मावा जातीपर्यंत लिहायला हरकत नाही. एवढा स्पष्ट असतो. या वसाहतीत सगळ्या माद्याच. नराशिवाय, अंडी न घालता थेट पिल्लं देतात, त्यामुळे दोन दिवसांपूर्वी बोटभर असलेला थर आज वीतभर पसरलेला असतो.

भिंग लावल्यावर खरी गंमत कळते. माव्याच्या गर्दीत एक बिनपायांची, हिरवट, पुढे निमुळती अळी होती. डोळे नाहीत. पुढचं टोक हवेत उचलून डावीकडे, उजवीकडे चाचपडते. मावा लागला की त्याला शेंड्यावरून उचलून हवेतच धरून ठेवते आणि आतला रस संपला की रिकामं कातडं टाकून देते. शेजारचे मावे आपलं रस पिणं थांबवत नाहीत. ही सिर्फिड माशीची अळी. प्रौढ माशी फुलांवर भिरभिरते आणि लोक तिला मधमाशी समजून हात झटकतात. नोंद : कुल सिर्फिडी. प्रौढ बाहेर आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्याच शेंड्यावर काही मावे फुगलेले, भुरकट, कागदासारखे कोरडे आणि जागेवरच चिकटलेले. त्यातल्या एकाच्या मागच्या अंगाला अगदी गोल भोक, कात्रीने कापावं इतकं नेमकं. आत वाढलेली गांधीलमाशीच्या नात्यातली चिमुकली परजीवी माशी तिथून बाहेर पडून गेली. भुरकट खोळ म्हणजे ब्रॅकोनिडी कुल. खोळ काळी असती तर बहुधा ॲफेलिनिडी. माशी न बघताही तिचं कुल कळतं, आणि हे मला कुठल्याही रंगीत फुलपाखरापेक्षा भारी वाटतं. काकांना नाही वाटत. असो.

ढालकिडे (लेडीबर्ड) दोन प्रकारचे. एकाच्या पिवळ्या पाठीवर नागमोडी काळ्या रेघा : कायलोमेनेस सेक्समॅक्युलाटा. दुसरा नारिंगी-काळा : कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस. दोन्ही मावा खाणारे, दोघांची पाठ काचेसारखी चकचकीत. मुलांना एक खूण सांगून ठेवली : पाठ मंद, बारीक लव असलेली आणि ठिपके भरपूर दिसले तर तो पान खाणारा हेनोसेपिलॅक्ना असण्याची शक्यता जास्त. शेतकऱ्याने एकाला ठेवायचं असतं आणि दुसऱ्यावर नजर ठेवायची असते, म्हणून हा फरक निव्वळ हौसेचा नाही.

रुईच्या शेंगांवर लाल-काळे ढेकूण बसले होते. फोटो घेतले : वरून, बाजूने आणि समोरून चेहरा. चेहऱ्याचा फोटो का हवा, ते सावरीच्या शेंगा फुटल्यावर कळेल.

(रुईच्या चिकाचा हात डोळ्याला लावू नका. भिंग वापरताना हे हमखास विसरायला होतं.)

१ मार्च

पोलार्ड फेरी. ऊन स्वच्छ, वारा कमी. सगळ्यात जास्त नोंदी कॉमन एमिग्रंट आणि प्लेन टायगर या फुलपाखरांच्या.

प्लेन टायगरचा एक फोटो वादात सापडला. नारिंगी, काळी टोकं, पांढरे पट्टे : सगळं बरोबर. पण डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब असाच वेष घेते. प्लेन टायगर रुईतलं विष अंगात साठवतो, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत आणि ही बिनविषारी मादी त्याच्या नावावर खुशाल हिंडते. निवाडा मागच्या पंखावर होतो. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके असतात, मादीला तीन आणि नराला चार (चौथा म्हणजे गंधपिशवी). एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच. आमच्या फोटोत पंख अर्धे मिटलेले आणि नेमका तोच भाग झाकलेला. काका म्हणाले, “इथे टायगरच असणार, रुई एवढी आहे.” असेलही. पण ‘असणार’ला वहीत रकाना नाही. कुलापर्यंत लिहिलं.

रुईच्या पानाखाली मात्र शंका नव्हती. काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी आणि पाठीवर मऊ, काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. कॉमन क्रो फुलपाखराच्या अळीला अशा चार जोड्या असतात. एगफ्लायची मादी रुईवर अंडी घालत नाही, तिला घोळ लागते. म्हणजे ही प्लेन टायगरच. यंदाच्या वहीत ‘खाद्यवनस्पती’ हा रकाना फोटोपेक्षा जास्त कामाला येतो आहे.

८ मार्च

सावर फुलली. पानं एक नाही, फांद्यांवर नुसती लाल, मांसल फुलं. सकाळी लवकर पोचलो, कारण ऊन चढल्यावर खाली पडलेल्या फुलांचीच गर्दी जास्त.

मधमाश्या तिन्ही आकारांच्या. आग्या सर्वांत मोठी. सातेरी मधली, पोटावर एकसारखे पट्टे. फुलोरी सगळ्यांत लहान, पोटाचा सुरुवातीचा भाग तांबूस आणि पुढे काळे-पांढरे पट्टे. एकाच फुलात तिघी असल्या की आकार लगेच कळतो. एकटी दिसली तर फसायला होतं, म्हणून फोटोत फुलाचा काही भाग तरी यायला हवा. शिवाय दोन-तीन सुतारमाश्या, काळ्या, निळसर झाक असलेल्या पंखांच्या. झायलोकोपा, प्रजातीपर्यंत.

मुलांसाठी माशी आणि मधमाशी यांतला फरक, पुन्हा एकदा : पंखांची एक जोडी की दोन, हे उडताना दिसत नाही. डोळे बघा आणि शृंगिका बघा. डोळ्यांनीच अर्धं डोकं व्यापलेलं, शृंगिका आखूड, ती माशी. मागच्या पायावर परागाचा गोळा घेऊन चाललेली दिसली, तर ती मधमाशीच.

उताराच्या वर कड्याला आग्या मोहोळ आहे. तिथून लांबूनच जायचं. अत्तर नको, आरडाओरडा नको, आणि “फक्त एक फोटो” म्हणून पुढे सरकणाऱ्याला मागे ओढायची जबाबदारी सगळ्यांची.

१४ मार्च

बाभळीवरचा काटा हलला, असं सांगत एक मुलगी धावत आली. खरंच हलला होता. ऑक्सिरेकिस टॅरँडस, वृक्ष-तुडतुडा. मानेवरच्या ढालीची दोन शिंगं बाजूंना आणि एक लांब काटा पाठीवरून मागे. रंग सालीचा. बोट जवळ नेलं की उडत नाही, फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. तुम्ही पलीकडे गेलात की तो अलीकडे.

शोधायची सोपी युक्ती : काटा शोधायचा नाही, मुंगळे शोधायचे. तुडतुडे झाडाचा रस पितात, जास्तीचा गोड द्रव बाहेर टाकतात आणि तो चाटायला मोठे काळे मुंगळे त्यांच्याभोवती पहारा देतात. जिथे मुंगळे फांदीवर घोटाळताना दिसले, तिथे हमखास तुडतुडे सापडले. एका मुंगळ्याने शृंगिकांनी तुडतुड्याला टपटप केलं आणि थेंब आला. हे चित्रीकरणात स्पष्ट दिसतं.

शेळ्या चारणारे मामा आमच्या खांद्यावरून वाकून बघत होते. म्हणाले, “ह्यो पावसाळ्यात लई असतो.” त्यांची ही माहितीही ‘ऐकीव’ अशी खूण करून वहीत घेतली.

१९ मार्च

अमावास्येच्या आसपासची रात्र निवडून पडदा लावला. पांढरी चादर, मागे दिवा आणि चादरीपासून दूर बसायच्या सतरंज्या, कारण जमिनीवर उतरलेले पतंग पायाखाली येतात.

पतंग खूप, नावं कमी. जाती ओळखायचा नाद सोडून बसण्याच्या ढबीवरून गट पाडले. पंख सपाट पसरून चादरीला चिकटलेले ते बहुधा जिओमेट्रिडी. छपरासारखे उतरते पंख करून बसलेले नॉक्ट्युइडी आणि त्यांचे नातेवाईक. पुढचे पंख लांब, टोकदार, शरीर जाड ते हॉकमॉथ. आणि इंग्रजी टी अक्षरासारखे ताणलेले, काटकुळे ते प्लूममॉथ; यांना एकदा पाहिलं की पुन्हा चुकणं कठीण.

साडेनऊच्या सुमारास “टाचणी आली!” असा गलका झाला (टाचणी म्हणजे चतुराच्या नात्यातला सडपातळ कीटक). लांबट शरीर, चार जाळीदार पंख, पण उडणं अगदी लटपटतं. टाचणीच्या शृंगिका केसाएवढ्या, जवळजवळ न दिसणाऱ्या. याच्या चांगल्या ठळक आणि टोकाला जाड. अँटलायनचा प्रौढ. माळावरच्या भुसभुशीत मातीत ज्या उलट्या शंकूसारख्या खळग्या दिसतात, त्यांच्या तळाशी दबा धरून बसते ती याची अळी.

पडद्यावर नारिंगी-काळा, लांबट, आखूड पंखांचा भुंगेरा दिसला तर चापट मारायची नाही, फुंकर घालायची. पीडेरस चिरडला की त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात आणि ते लगेच नाही, दुसऱ्या दिवशी दिसतात. आज एकच आला. बाईंनी कागदावर घेऊन सोडला.

२८ मार्च

ओढा तुटला, आता फक्त डबकी. चतुर आणि टाचण्यांना तेवढं पुरतं. ऑर्थेट्रम सबायना, ट्रायथेमिस ऑरोरा, डिप्लाकोडिस ट्रायव्हियालिस, तिन्ही जातीपर्यंत.

दगडांना चिकटलेल्या चतुरांच्या कातीही मोजल्या. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो. कात सापडली म्हणजे अळी याच डबक्यात वाढली. प्रजननाची नोंद म्हणून कातीला जास्त वजन आहे, आणि ती पळून जात नाही.

ओल्या वाळूवर फुलपाखरांचा घोळका : कॉमन गल, एमिग्रंट, एक ब्लूबॉटल. चिखलातले क्षार, मुख्यतः सोडियम, घ्यायला येतात आणि त्यात नरच जास्त असतात. पोलार्ड चौकटीत एवढे सगळे आले की सरासरी बिघडते, म्हणून हा आकडा वेगळा लिहिला.

५ एप्रिल

सावरीच्या शेंगा फुटल्या. झाडाखाली कापूस, आणि कापसावर लाल ढेकणांचा नुसता खच. जोड्या मागच्या टोकांनी जुळलेल्या, एक पुढे चालतो, दुसऱ्याला उलटं ओढलं जातं. लालबुंद, बिनपंखांची पिल्लं बियांभोवती घोळक्याने.

आता रुईवरचे फेब्रुवारीतले फोटो बाहेर काढले. वरून पाहिलं तर दोन्हीकडे लाल-काळंच. मुलांना दोन्ही चेहरे शेजारी ठेवून दाखवले. रुईवरच्या ढेकणाला मोठ्या संयुक्त डोळ्यांच्या मध्ये, डोक्याच्या वरच्या बाजूला, दोन चमकते बारीक टिंब आहेत : साधे डोळे. सावरीखालच्याला ते नाहीतच. भिंगाखाली डोकं फिरवून, उजेड बदलून पाहिलं, तरी तिथे काही नाही. साधे डोळे असलेला लायजिडी कुलातला, आमचा बहुधा स्पायलोस्टेथस. नसलेला पिरोकोरिडी, म्हणजे डिसडर्कस. आणखी एक खूण पंखाच्या टोकाच्या पातळ पडद्यावर मिळते : लायजिडीत चार-पाच शिरा, पिरोकोरिडीत त्याहून बऱ्याच जास्त. पोटाखालचे पांढरे आडवे पट्टेही डिसडर्कसचेच.

मग नेहमीप्रमाणे काका : “कोनिगीच हा. कपाशीवर तोच असतो.” डिसडर्कस कोनिगी आणि डिसडर्कस सिंग्युलेटस हे दोन्ही आपल्याकडे आहेत आणि फोटोवरून त्यांची सरमिसळ सर्रास होते. हा सावरीखाली आहे, कपाशीवर नाही. प्रजातीपर्यंत लिहून थांबलो. काका रुसले नाहीत. उलट घरी जाऊन त्यांनी आपल्या जुन्या फोटोंतले चेहरे तपासले आणि संध्याकाळी फोन केला, “अहो, ते टिंब सगळ्या रुईवाल्यांना आहेत!”

१२ एप्रिल

करंज फुलायला लागला. सुतारमाश्या सगळ्या तिकडे.

पाचोळ्यात पीकॉक पँझी फुलपाखरू. पंख उघडले की त्यांच्यावरचे डोळ्यांसारखे मोठे ठिपके दिसतात, मिटले की नाहीसं. पावसाळ्यातल्या रूपात पंखांच्या खालच्या बाजूलाही डोळे असतात आणि कडा गोलसर. या दिवसांतल्या रूपात खालची बाजू कोरी, वाळक्या पानाच्या रंगाची, मध्ये शिरेसारखी रेघ आणि पंखांची टोकं कोनदार. इव्हनिंग ब्राऊनचंही तसंच : पावसाळ्यात डोळे, कोरड्या दिवसांत पाचोळा. हिरवळीत भक्षकाला बुजवायला डोळे उपयोगी. वाळलेल्या रानात ठिपकाच उलट लक्ष वेधतो, तिथे दिसायचंच नाही हे बरं. यादीत जात एकच, पण शेरा रकान्यात ‘कोरडं रूप’ लिहायलाच हवं. पहिल्या पावसानंतर कुठल्या आठवड्यात रूप पालटतं, हे या टेकडीपुरतं आम्हाला काढता येईल.

१७ एप्रिल

संध्याकाळी, माळावर. वाळक्या काडीला मधमाशीच्या नात्यातल्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या, अमेगिला, नुसत्या जबड्यांनी धरून झोपलेल्या. पाय मोकळे. एकाच काडीवर चार. घरटं मादी जमिनीत करते. नर रात्र असे काड्यांवर काढतात. टॉर्चवर लाल कागद लावून फोटो घेतले.

२६ एप्रिल

सगळ्या नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवल्या. तिथे ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक जणांचं जातीवर एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते. मुलांना त्या हिरव्या पट्टीची फार ओढ. त्यामुळे कुणीतरी सुचवलेल्या नावावर डोळे झाकून ‘सहमत’ दाबायचा मोह होतो, आणि दोन माणसांची सहमती म्हणजे कधीकधी एकाच माणसाचा अंदाज दोनदा. नियम केला : ज्या खुणेवरून पटलं ती खूण शेऱ्यात लिहिता आली तरच ‘सहमत’. रुईवरच्या ढेकणाच्या नोंदीवर बाहेरच्या एका अभ्यासकाने प्रजाती बदलायला सांगितली नाही, फक्त विचारलं, “साधे डोळे दिसणारा फोटो आहे का?” होता.

प्रलंबित :

परजीवी माशी. रुईच्या फांदीवरच, जाळीच्या पिशवीत काही भुरकट खोळी बांधून ठेवल्या आहेत. माशी निघाली की पंखांच्या शिरांचा फोटो घेऊन पिशवी सोडायची. जबाबदारी काकांकडे, त्यांनी स्वतः मागून घेतली.

१ मार्चचा नारिंगी फोटो. कुलावरच राहील. हे फुलपाखरू आता परत येणार नाही आणि दुसऱ्याच्या फोटोवरून याचं नाव ठरवायचं नाही.

पतंग. दहा-बारा फोटो गटाविना. पुढच्या वेळी शृंगिकांचा जवळून फोटो सक्तीचा; पिसासारख्या असल्या तर बहुधा नर, आणि तेवढ्यानेही शोध अर्ध्यावर येतो.

पीकॉक पँझी. वळीव पडल्याच्या दिवसापासून आठवड्याला एक फेरी, फक्त खालच्या बाजूचे फोटो. पाऊस पडल्याची तारीख मामा कळवणार आहेत, त्यांच्याकडे बाईंचा नंबर दिला आहे.